दोन अक्षरांची गळती: यूटातील एक घराणे आणि एपीसी प्रथिन

प्रकरण काय होते

अमेरिकेतील यूटा राज्यातल्या एका मोठ्या घराण्यात मोठ्या आतड्याचा कर्करोग पिढ्यान्‌पिढ्या दिसत होता. वारसा आहे हे उघड होते. बाधित व्यक्तीच्या मुलांपैकी साधारण निम्म्यांना त्रास होई, स्त्री-पुरुष असा भेद नव्हता आणि पिढी सुटत नव्हती. तरीही निदानाची कोणतीही चौकट बसत नव्हती.

आनुवंशिक पॉलिपोसिसची तेव्हाची ओळख एका आकड्यावर उभी होती: आतड्याच्या अस्तरावर १०० किंवा त्याहून जास्त अ‍ॅडिनोमा, म्हणजे कर्करोगात बदलू शकणारे पॉलिप. त्या आजारात किशोरवयातच शेकडो-हजारो पॉलिप उगवतात, आणि आतडे काढले नाही तर चाळिशीच्या आसपास कर्करोग जवळपास ठरलेला असतो. या घराण्यात मात्र एका भावाला २ पॉलिप, बहिणीला ४० आणि चुलत भावाला काही शे, असे चित्र होते. एखाद्याला साठीत कर्करोग निघे, एखाद्याला तिशीच्या आतही. २ पॉलिप तर घराण्यात काहीही नसलेल्या पन्नाशीच्या माणसालाही असू शकतात. मग कोण वारसदार आणि कोण नाही, हे दुर्बिणीतून ठरवायचे कसे?

या प्रकरणाचा उलगडा करताना एपीसी या अर्बुदरोधक, म्हणजे गाठ होऊ न देणाऱ्या, प्रथिनाबद्दल असे काही हाती आले, जे ठळक आजाराच्या घराण्यांतून कधीच दिसले नसते. म्हणून त्याची मांडणी इथे सविस्तर केली आहे.

प्रथिन करते काय

एपीसी जनुक पाचव्या गुणसूत्राच्या लांब बाहूवर, ५क्यू२१-२२ या पट्ट्यात बसते. त्यापासून २,८४३ अमिनो आम्लांचे, सुमारे ३१० किलोडाल्टन वजनाचे प्रचंड प्रथिन तयार होते. त्याचे भाग मालगाडीच्या डब्यांसारखे एकामागे एक जोडलेले आहेत आणि प्रत्येकाचे काम वेगळे. अगदी पुढच्या टोकाला दोन एपीसी रेणूंना एकमेकांशी जोडणारा भाग असतो. त्यामागे आर्माडिलो नावाच्या घड्यांचा पट्टा. साधारण १०२० ते ११७० या क्रमांकांदरम्यान १५ अमिनो आम्लांच्या घड्या येतात, आणि १२६० पासून २०३० पर्यंत २० अमिनो आम्लांच्या सात घड्या विखुरलेल्या असतात. याच सात घड्यांमध्ये 'सॅम्प' नावाचे तीन छोटे तुकडे आहेत, जे अ‍ॅक्सिन या दुसऱ्या प्रथिनाला पकडतात. शेपटीकडचा भाग सूक्ष्मनलिकांना, म्हणजे पेशीविभाजनात गुणसूत्रे ओढणाऱ्या दोरांना, धरतो.

आतड्याच्या दृष्टीने मधला भाग सर्वांत महत्त्वाचा. तिथे बीटा-कॅटेनिन नावाचे प्रथिन पकडले जाते. एपीसी, अ‍ॅक्सिन आणि सीके-१ व जीएसके-३ ही दोन विकरे मिळून एक खाटीकखाना तयार करतात. आधी सीके-१ बीटा-कॅटेनिनच्या ४५ व्या सेरीनवर फॉस्फेट चिकटवते. त्यानंतर जीएसके-३ ४१, ३७ आणि ३३ या जागांवर तशाच खुणा करते. या खुणा दिसल्या की बीटा-टीआरसीपी हे प्रथिन त्यावर युबिक्विटिनची चिठ्ठी लावते आणि प्रोटिअसोम त्याचे तुकडे करून टाकतो. एपीसीचा मधला भाग नसेल तर ही साखळी तुटते, बीटा-कॅटेनिन साचते, केंद्रकात शिरते आणि टीसीएफ-४ ला चिकटून मायक, सायक्लिन-डी१ यांसारखी 'वाढा, विभागा' सांगणारी जनुके चालू ठेवते.

आतड्याच्या अस्तरात हे नियंत्रण इतके नाजूक का, हे त्या अस्तराच्या रचनेवरून कळते. मोठ्या आतड्यात अंदाजे एक कोटी सूक्ष्म खड्डे आहेत, त्यांना क्रिप्ट म्हणतात. प्रत्येकाच्या तळाशी मूलपेशी असतात. तिथे जन्मलेली पेशी वर सरकत जाते, वाटेत विभागणे थांबवते, आपले ठरलेले रूप घेते आणि चार-पाच दिवसांत तोंडाशी येऊन गळून पडते. तळाशी बीटा-कॅटेनिन जास्त, वर कमी: हा उतार एपीसी राखते. तो उतार मोडला की पेशी थांबत नाही, गळतही नाही, आणि खड्ड्याच्या तोंडाशी गर्दी करून अ‍ॅडिनोमाचा पहिला कोंब तयार होतो. आनुवंशिकता नसलेल्या लोकांच्या आतड्याच्या कर्करोगांतही दर १० पैकी सुमारे ८ गाठींमध्ये एपीसी बिघडलेले सापडते, आणि बहुतेक वेळा तो पहिल्या बिघाडांपैकी एक असतो. तेव्हा यूटातल्या एका घराण्याचा हा अभ्यास बिनवारशाच्या रुग्णालाही लागू पडतो.

जनुकापर्यंतची वाट

यूटाला या विषयात जुना वारसा आहे. पॉलिपसोबत हाडांवर व त्वचेखाली गाठी येणाऱ्या घराण्याचे वर्णन एल्डन गार्डनर यांनी १९५० च्या दशकाच्या सुरुवातीला याच राज्यातून केले होते. जनुकाचा पत्ता लागण्याचा धागा मात्र न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोमधून आला. १९८६ मध्ये लेम्युएल हेरेरा आणि सहकाऱ्यांनी अशा एका रुग्णाचे वर्णन केले, ज्याच्या पाचव्या गुणसूत्राच्या लांब बाहूचा तुकडाच गायब होता आणि आतड्यात पॉलिपोसिस होता. १९८७ मध्ये वॉल्टर बॉडमर यांच्या लंडनच्या गटाने इतर कुटुंबांमध्येही आजार याच भागाशी बांधलेला असल्याचे दाखवले.

आता यूटाच्या घराण्याकडे. १९९० मध्ये तिथल्या संशोधकांनी त्यातल्या सदस्यांच्या डीएनएतील खुणा तपासल्या, तेव्हा पॉलिपची संख्या इतकी कमी-जास्त असूनही आजाराचा वारसा त्याच ५क्यू पट्ट्यासोबत फिरत असल्याचे दिसले. हा वेगळा रोग असेल, ही शंका तिथेच मिटली. पुढच्याच वर्षी, १९९१ मध्ये, बर्ट व्होगेलस्टाइन व केनेथ किन्झलर यांचा जॉन्स हॉपकिन्सचा गट, युसुके नाकामुरा यांचा जपानमधला गट आणि रे व्हाइट यांचा यूटातला गट यांनी जनुकाची ओळख पटवली. १९९३ मध्ये या सौम्य रूपाच्या घराण्यांतले उत्परिवर्तन, म्हणजे जनुकाच्या संकेतातला बदल, सापडले, आणि त्या रूपाला 'अ‍ॅटेन्युएटेड' म्हणजे मंद पॉलिपोसिस हे नाव रूढ झाले.

दोन अक्षरे गळाली

या घराण्यातला बदल सांगायला सोपा आहे. जनुकाच्या संकेतातील ४२६ आणि ४२७ क्रमांकाची दोन अक्षरे, ए आणि टी (डीएनए ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेला असतो), नाहीत. अहवालात तो 'सी.४२६_४२७डेलएटी' असा लिहिला जातो.

जनुकाचे वाचन तीन-तीन अक्षरांच्या शब्दांत होते, या शब्दाला कोडॉन म्हणतात. तीन अक्षरे गेली असती तर एक अमिनो आम्ल कमी झाले असते, बाकी वाचन सुरळीत चालले असते. दोन गेल्यामुळे १४३ व्या शब्दापासून सगळी चौकट सरकते. पुढचे तीन-चार शब्द निरर्थक वाचले जातात आणि लगेच 'थांबा'चा संकेत लागतो. २,८४३ अमिनो आम्लांच्या जागी दीडशेच्याही आत काम संपते. बीटा-कॅटेनिन पकडणारा एकही डबा या तुकड्यात नाही.

इथेच कोडे उभे राहते. एपीसीचे सर्वांत आक्रमक ज्ञात उत्परिवर्तन १३०९ व्या कोडॉनवर पाच अक्षरे गळाल्याने होते. त्यात प्रथिनाचा जवळजवळ पुढचा निम्मा भाग शाबूत राहतो, २० अमिनो आम्लांची एक घडीही उरते, तरी त्या रुग्णांना हजारो पॉलिप होतात आणि सर्व काही इतरांपेक्षा सुमारे १० वर्षे आधी घडते. मग ज्यांच्याकडे प्रथिनाचा विसावा हिस्साच उरतो, त्यांचा आजार सौम्य कसा?

उत्तर २००२ मध्ये मिळाले. प्रथिन जोडणारे रायबोसोम जनुकाची नक्कल, म्हणजे संदेश, वाचत पुढे जातात; सुरुवातीलाच 'थांबा' लागल्यावर ते दरवेळी हा संदेश सोडून देत नाहीत. काही रायबोसोम त्याच संदेशावर पुढे सरकतात आणि १८४ व्या कोडॉनवरच्या मिथायोनिनपासून, म्हणजे दुसऱ्या आरंभखुणेपासून, पुन्हा जोडणी सुरू करतात. त्यातून १८४ ते २,८४३ असे २,६६० अमिनो आम्लांचे एपीसी तयार होते. त्याला पुढचे टोक नाही, म्हणून दोन रेणू जोडणारा भाग नाही. आर्माडिलो घड्या, बीटा-कॅटेनिनच्या घड्या, सॅम्प आणि शेपूट मात्र सगळे जागेवर आहे. प्रयोगशाळेत हे प्रथिन बीटा-कॅटेनिनचे काम खरोखर रोखते. तयार होते थोडे, पण जे होते ते कामाचे असते.

यामुळे जनुकाच्या नकाशावरची एक जुनी सीमारेषाही कळते. साधारण १५७ व्या कोडॉनच्या आधीची उत्परिवर्तने मंद आजार देतात, त्यानंतरची ठळक. 'थांबा' १८४ च्या पलीकडे असेल तर ही दुसरी आरंभखूण उपयोगाची राहत नाही, कारण 'थांबा' तिच्याही पुढे वाटेत उभा असतो. मंद रूपाचे आणखी दोन पट्टे आहेत: नवव्या एक्सॉनचा (जनुकाचा संकेत अशा तुकड्यांत विभागलेला असतो) तो भाग, जो काही संदेशांतून मुळातच वगळला जातो, आणि सुमारे १५८० व्या कोडॉननंतरचा शेवटाकडचा भाग. तिन्ही ठिकाणची कारणे वेगवेगळी, परिणाम एकच: पेशीत थोडेसे कामाचे एपीसी शिल्लक राहणे.

दोन फटके पुरत नाहीत

आल्फ्रेड नुडसन यांनी १९७१ मध्ये मांडलेला दोन फटक्यांचा नियम विद्यार्थ्यांना पाठ असतो. आई-वडिलांकडून आलेल्या दोन प्रतींपैकी एक जन्मतः बिघडलेली असते आणि दुसरी आयुष्यात कधीतरी एखाद्या पेशीत बिघडते, की अर्बुद सुरू. ठळक पॉलिपोसिसमध्ये हे जवळपास असेच चालते. एक कोटी क्रिप्टांपैकी काही शेकड्यांमध्ये दुसरी प्रत हरवणे सहज घडते, म्हणून पॉलिप शेकड्यांनी मोजावे लागतात.

यूटाच्या घराण्यातल्या पॉलिपमधील डीएनए वाचल्यावर वेगळेच दिसले. अनेक पॉलिपमध्ये निरोगी प्रत तर बिघडलेली होतीच, पण वारशाने आलेल्या, आधीच दोन अक्षरे गमावलेल्या प्रतीवरही नव्याने एक उत्परिवर्तन पडलेले होते. याला आता 'तिसरा फटका' म्हणतात. ती प्रत पूर्ण मेलेली नसल्याची याहून चांगली साक्ष मिळणार नाही. जे आधीच निकामी आहे, ते पुन्हा निकामी करून पेशीला काही मिळत नाही.

हा तिसरा फटका वारंवार एकाच ठिकाणी पडतो. १५५४ ते १५५६ या कोडॉनांवर सहा 'ए' अक्षरे सलग आहेत. पेशी विभागताना डीएनएची नक्कल करणारे यंत्र अशा एकसारख्या रांगेवर घसरते आणि सहाऐवजी सात 'ए' लिहून जाते. चौकट पुन्हा सरकते आणि पहिल्या सॅम्पच्या अगदी अलीकडे प्रथिन तुटते. अ‍ॅक्सिनला धरायची जागाच जाते. (अशाच घसरणीचे दुसरे उदाहरण १३०७ व्या कोडॉनवर आहे. पूर्व युरोपीय ज्यू वंशाच्या सुमारे ६ टक्के लोकांत तिथे एका 'टी'च्या जागी 'ए' असतो. त्याने प्रथिन जवळपास बदलत नाही, पण आठ 'ए'ची सलग रांग तयार होते. धोका त्या रांगेवर पुढे होणाऱ्या घसरणीचा.)

मग प्रश्न उरतो: वारसा नसलेल्या माणसालाही दोन्ही प्रतींवर फटके पडावे लागतात, तर या घराण्यातल्या माणसाला त्याच्यापेक्षा जास्त पॉलिप का? याचे पटणारे स्पष्टीकरण असे. निरोगी प्रत गेली की या पेशींकडे फक्त १८४ पासून बनणारे थोडेसे एपीसी उरते. बीटा-कॅटेनिन किंचित वाढते, पेशीला शेजारणींपेक्षा किंचित फायदा मिळतो आणि तिची पिल्ले जास्त दिवस टिकतात. तिसरा फटका बसायला त्यामुळे जास्त पेशी आणि जास्त वेळ मिळतो.

आणखी एक बारकावा सांगायलाच हवा, कारण 'एपीसी म्हणजे ब्रेक, ब्रेक तुटला की कर्करोग' या सोप्या वाक्याने तो झाकला जातो. गाठींमध्ये एपीसी पूर्णपणे नाहीसे झालेले क्वचित सापडते. बहुतेक गाठींमध्ये दोन प्रतींपैकी निदान एकीवर २० अमिनो आम्लांच्या एक-दोन घड्या उरलेल्या असतात. वारशाने आलेल्या प्रतीत एकही घडी उरत नसेल तर दुसऱ्या प्रतीवरचा फटका काही घड्या राखणाऱ्या ठिकाणी पडलेला दिसतो. १३०९ सारखी एक घडी राखणारी प्रत असेल तर दुसरी प्रत पूर्ण हरवते. बीटा-कॅटेनिन फार वाढले तरी पेशीला ते पेलत नाही, असे यावरून दिसते. निवड होते ती 'पुरेशा' वाढीची. अर्बुदरोधक प्रथिनाच्या मात्रेला इतकी बारीक पातळी असते, हे याच रोगाने स्पष्ट दाखवले.

अ‍ॅडिनोमापासून कर्करोगापर्यंत

एपीसी गेल्याने मिळतो तो छोटा अ‍ॅडिनोमा, आणि त्यातले बहुतेक आयुष्यभर छोटेच राहतात. पुढे केआरएएस हे वाढीचा आदेश देणारे जनुक चालू अवस्थेत अडकले की गाठ मोठी होते, १८ व्या गुणसूत्रावरचे एसएमएडी-४ गेले की वाढ थांबवणारा टीजीएफ-बीटाचा आदेश ऐकू येईनासा होतो, आणि पी५३ गेले की खराब डीएनए असलेली पेशीही मरत नाही. याला सहसा १० वर्षे किंवा जास्त लागतात. एपीसीची शेपटी तुटल्याने विभाजनात गुणसूत्रे नीट वाटली जात नाहीत, आणि पुढचे अपघात त्यामुळेही लवकर घडत असावेत.

पण एपीसीचे महत्त्व सुरुवातीपुरतेच नाही. २०१५ मध्ये उंदरांवर एक प्रयोग झाला. त्यांच्या आतड्यात एपीसी हवे तेव्हा बंद-चालू करण्याची सोय होती. केआरएएस आणि पी५३ दोन्ही बिघडलेल्या गाठींमध्ये एपीसी पुन्हा सुरू केल्यावर पेशींनी वाढ थांबवली, आपले नेहमीचे रूप घेतले आणि गाठी ओसरल्या. माणसात एवढे मोठे प्रथिन परत पेशीत घालण्याचा मार्ग आज नाही.

मंद आजार, जड धोका

२००४ मध्ये रँडल बर्ट आणि सहकाऱ्यांनी या घराण्यातल्या उत्परिवर्तन असलेल्या १२० जणांचे निष्कर्ष मांडले. अ‍ॅडिनोमांची मध्यक संख्या २५, म्हणजे निम्म्यांना याहून कमी, निम्म्यांना जास्त. पण विस्तार ० ते ४७०. एकाच घरातली, एकच दोन अक्षरे गमावलेली माणसे! आतड्याचा कर्करोग झाल्याचे सरासरी वय ५८, सर्वांत लहान २९, सर्वांत मोठे ८१. आणि वयाच्या ८० पर्यंत कर्करोग होण्याची एकूण शक्यता ६९ टक्के.

हा शेवटचा आकडा मनात कोरून ठेवावा असा आहे. 'मंद' हा शब्द पॉलिपच्या संख्येसाठी आहे. रुग्ण तो ऐकतो आणि धोकाच मंद आहे असे समजतो, आणि दुर्दैवाने कधी कधी डॉक्टरही तसेच समजतात. ठळक आजारातला माणूस ३०० पॉलिप पाहून स्वतःच शस्त्रक्रियेला तयार होतो. इथे ६ पॉलिप काढून टाकले की सगळे संपल्यासारखे वाटते, पुढची तपासणी पाच वर्षांनी ठरते, आणि मध्ये एक पॉलिप निसटतो.

निसटतो तो कुठून, हेही या अभ्यासातून कळले. या घराण्यातले पॉलिप ठळकपणे आतड्याच्या उजव्या बाजूला होते, म्हणजे सीकम (मोठ्या आतड्याची सुरुवात) आणि चढत्या भागात. गुदाशय बऱ्याचदा मोकळा. १९८०-९० च्या दशकांत फक्त ६० सेंटीमीटरची सिग्मॉइडोस्कोपी, म्हणजे उजव्या बाजूपर्यंत न पोहोचणारी आखूड दुर्बीण, करून 'काही नाही' असे सांगितले गेलेले रुग्ण असतील, तर त्यांचा धोका तपासलाच गेला नव्हता. आजही चूक होते ती बारीक गोष्टींत. आतडे साफ करायचे औषध सगळे आदल्या संध्याकाळी घेतले तर सकाळपर्यंत उजव्या बाजूला पुन्हा पित्तमिश्रित थर बसतो, आणि तिथलेच चपटे अ‍ॅडिनोमा त्याखाली दडतात. म्हणून औषधाचा दुसरा अर्धा भाग तपासणीच्या चार-सहा तास आधी संपेल असा घ्यायचा. दुर्बीण सीकमपर्यंत पोहोचल्याचा फोटो, म्हणजे अपेंडिक्सचे तोंड आणि झडप, अहवालात असायला हवा. उजवी बाजू दोनदा पाहावी. इंडिगो कारमाइनसारखा निळा रंग फवारला तर चपट्या पॉलिपची कड उठून दिसते.

रक्ताच्या चाचणीत काय चुकते

घराण्यातले उत्परिवर्तन माहीत असेल तर काम सोपे असते. रक्त किंवा लाळेतून तेवढी एक जागा वाचायची. ती दोन अक्षरे जागेवर असतील तर त्या व्यक्तीचा धोका सर्वसाधारण लोकांइतका, आणि वारंवार दुर्बीण लावायची गरज नाही. घरातल्या साधारण निम्म्या माणसांना हे उत्तर मिळते, आणि ते त्यांच्या आयुष्यातले मोठे ओझे उतरवते.

उत्परिवर्तन माहीत नसताना मात्र 'काही सापडले नाही' याचा अर्थ 'धोका नाही' असा होत नाही. हा फरक समजावून सांगणे हे या चाचणीचे निम्मे काम आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत एपीसीच्या व्यावसायिक चाचणीचा आढावा घेतला गेला, तेव्हा जवळपास ३२ टक्के प्रकरणांत डॉक्टरांनीच निकालाचा अर्थ चुकीचा लावल्याचे आढळले. चूक टाळायची असेल तर चाचणी आधी घरातल्या बाधित व्यक्तीवर करावी, निरोगी नातेवाइकावर नंतर.

चाचणी अपुरी पडण्याची कारणेही ठरलेली आहेत. शेवटचा, पंधरावा एक्सॉन एकटाच जनुकाच्या संकेताचा तीन-चतुर्थांशाहून जास्त भाग आहे, म्हणून जुन्या चाचण्या त्यावरच लक्ष देत. यूटाचे उत्परिवर्तन त्यात येतच नाही. संपूर्ण एक्सॉन गाळलेले असतील तर साध्या वाचनात ते दिसत नाही, कारण दुसरी प्रत व्यवस्थित वाचली जाते. त्यासाठी प्रतींची संख्या मोजणारी एमएलपीए चाचणी वेगळी मागावी लागते. २५ ते ३० टक्के रुग्णांत उत्परिवर्तन नव्याने उद्भवलेले असते, कुटुंबात कोणालाच काही नसते. त्यातल्या काहींमध्ये ते शरीराच्या काही पेशींतच असते आणि रक्तात फारच क्षीण दिसते. अशा वेळी दोन-तीन वेगवेगळ्या अ‍ॅडिनोमांचे डीएनए वाचावे. सगळ्यांत एकच बदल सापडला तर उत्तर मिळाले.

आणि १० ते १०० पॉलिप असलेल्या माणसात एपीसी सापडले नाही तर एमयूटीवायएच जनुक तपासायलाच हवे. या जनुकाच्या बिघाडाने होणारा, २००२ मध्ये ओळखला गेलेला आजार दुर्बिणीतून मंद पॉलिपोसिससारखाच दिसतो, पण वारसा वेगळा: दोन्ही पालकांकडून बिघडलेली प्रत यावी लागते. पालक निरोगी, भावंडांत २५ टक्के धोका. यात डीएनए दुरुस्तीच ढिली असते आणि जी-च्या जागी टी अशा चुका एपीसीवर साचतात. म्हणजे मार्ग वेगळा, शेवटी बिघडणारे प्रथिन पुन्हा तेच. भारतीय वाचकासाठी एक नोंद: ई४६६एक्स नावाचे एमयूटीवायएच उत्परिवर्तन गुजराती मुळाच्या कुटुंबांत वारंवार आढळले आहे, त्यामुळे भारतीय रुग्णात फक्त युरोपीय लोकांतली दोन नेहमीची उत्परिवर्तने शोधून थांबणे पुरेसे नाही.

उपाययोजना

ठळक पॉलिपोसिसमध्ये दुर्बीण १०-१२ व्या वर्षापासून लागते. या घराण्यातल्यासारख्या मंद रूपात ती १८-२० व्या वर्षी सुरू करतात, पूर्ण कोलोनोस्कोपीच, आणि दर एक-दोन वर्षांनी. पॉलिप नाहीत म्हणून ती बंद करायची नाही. शून्य पॉलिप असलेले वारसदार याच घराण्यात होते.

बर्ट यांच्या अभ्यासात सुमारे दोन-तृतीयांश जणांचे पॉलिप दुर्बिणीतूनच काढून आवरता आले. उरलेल्यांना शस्त्रक्रिया लागते. एका वेळी २० पेक्षा जास्त पॉलिप, एक सेंटीमीटरपेक्षा मोठे अ‍ॅडिनोमा किंवा पेशींत तीव्र बदल, ही त्याची नेहमीची कारणे. गुदाशय मोकळा असल्यामुळे इथे मोठे आतडे काढून लहान आतडे गुदाशयाला जोडता येते. शौचावर ताबा बराच टिकतो, पोटावर पिशवी लागत नाही. मात्र उरलेल्या गुदाशयात दर ६ ते १२ महिन्यांनी पाहावे लागते, आणि ही अट रुग्णाने शस्त्रक्रियेआधीच मान्य केलेली असावी.

जठराच्या वरच्या भागातले फंडिक ग्रंथींचे पॉलिप बहुतांशी निरुपद्रवी असतात. लहान आतड्याच्या सुरुवातीला, ड्युओडेनममध्ये, येणारे अ‍ॅडिनोमा तसे नसतात. तिथली तपासणी २०-२५ व्या वर्षी सुरू होते. पित्तनलिकेचे तोंड समोर पाहणाऱ्या साध्या दुर्बिणीत नीट दिसत नाही. बाजूने पाहणारी दुर्बीण किंवा टोकाला पारदर्शक टोपी लावलेली दुर्बीण वापरावी.

औषधांनी आतापर्यंत मर्यादितच साथ दिली आहे. १९९३ च्या चाचणीत सुलिंडॅक हे दाहशामक औषध १५० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा ९ महिने दिल्यावर पॉलिपची संख्या सुरुवातीच्या ४४ टक्क्यांवर आणि व्यास ३५ टक्क्यांवर आला, पण औषध थांबवल्यावर तीन महिन्यांत दोन्ही पुन्हा वाढू लागले. उत्परिवर्तन असूनही पॉलिप न आलेल्या तरुणांत त्याने ते येणे रोखले नाही. यूटातच झालेल्या आणि २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आनुवंशिक पॉलिपोसिसच्या ९२ रुग्णांत सुलिंडॅकला दररोज ७५ मिलिग्रॅम अर्लोटिनिब या कर्करोगावरच्या औषधाची जोड दिली गेली. सहा महिन्यांत ड्युओडेनममधील पॉलिपचा भार औषध न घेतलेल्यांच्या तुलनेत ठळकपणे कमी झाला, पण बहुतेकांना चेहऱ्यावर व अंगावर मुरमांसारखे पुरळ आले. दुर्बिणीची जागा घेईल असे औषध यातले एकही नाही.

घराणे किती मोठे

यूटात वंशावळींच्या नोंदी असामान्य तपशिलाने ठेवल्या जातात आणि त्या राज्याच्या कर्करोग नोंदणीशी जोडलेल्या आहेत. या सोयीमुळे संशोधकांना मागे जाता आले. न्यूयॉर्कमधल्या एका स्वतंत्रपणे ओळखल्या गेलेल्या घराण्यातही नेमकी हीच दोन अक्षरे गळालेली होती. २००८ मध्ये दोन्ही वंशावळी मागे नेल्या, तेव्हा त्या सुमारे १६३० मध्ये इंग्लंडहून अमेरिकेत आलेल्या एकाच जोडप्यापाशी येऊन मिळाल्या. दोन्ही घराण्यांत उत्परिवर्तनाच्या आजूबाजूच्या डीएनएच्या खुणाही सारख्याच निघाल्या.

पावणेचारशे वर्षांत त्या जोडप्याच्या फक्त दोनच शाखा उरल्या असतील, हे संभवत नाही. वारसदार सहसा मुले झाल्यानंतर, पन्नाशी-साठीत आजारी पडतात, त्यामुळे वंशवाढीत या उत्परिवर्तनाला अडथळा आला नाही. अमेरिकेत आज जुन्या इंग्रज वंशाच्या एखाद्या माणसाच्या उजव्या आतड्यात १०-१५ अ‍ॅडिनोमा निघतात आणि 'वयाने होतात' असा शेरा पडतो, तेव्हा त्याच्या रक्तात ४२६ आणि ४२७ ही दोन अक्षरे आहेत का, हे विचारायला जागा असते.